मधली माणसं काढू नका

"मधली माणसं काढा" हा आपल्या पिढीचा गायत्री मंत्र आहे. शेतकरी आणि गिऱ्हाईक यांच्यामधला अडत्या काढा, घरमालक आणि भाडेकरू यांच्यामधला एजंट काढा, बँक आणि खातेदार यांच्यामधला तो काउंटरवरचा जांभया देणारा माणूस काढा. आपण आयटीवाले तर याच मंत्राचा पगार खातो. त्यामुळे भुकेल्यांना अन्न पोचवणाऱ्या संस्थांचा विषय निघाला की हापिसातल्या जेवणाच्या टेबलावर ठरलेलं वाक्य येणारच. "अरे पण आपल्या शंभर रुपयांतले शेवटच्या माणसापर्यंत पोचतात किती? मधलेच खातात सगळं." मग कोणीतरी राजीव गांधींचे १९८५ सालचे 'रुपयातले पंधरा पैसे' काढतो. मग दोन मिनिटं सगळे हळहळतात. आणि मग कोणीतरी डबा बंद करता करता म्हणतो, "याच्यावर एक ॲप पाहिजे यार. डोनर टू भुकेला, डायरेक्ट."

आज या 'डायरेक्ट'वर जरा सविस्तर बोलायचं आहे. माझं म्हणणं सरळ आहे. अन्नाच्या मदतीच्या कामात ज्यांना आपण मधली माणसं म्हणतो, ती स्थानिक संस्था, मंडळं, गल्लीतले स्वयंसेवक, हीच खरी यंत्रणा आहे. ती काढली की उरतो तो फक्त ट्रक. आणि ट्रक काही कोणाला जेवायला वाढत नाही.

आधी एक उदाहरण आपल्याला कळेल अशा भाषेतलं, कारण त्यात सॉफ्टवेअर आहे :-)

अमेरिकेत १९६७ साली ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगल नावाच्या एका निवृत्त गृहस्थाने सेंट मेरीज फूड बँक सुरू केली. सुपरमार्केटच्या मागच्या कचरापेट्यांतून मुलांसाठी खायचं गोळा करणाऱ्या एका बाईशी बोलताना ही कल्पना निघाली. लोकांनी जास्तीचं अन्न जिथे जमा करावं आणि गरजूंनी काढून न्यावं, अशी 'बँक' का नसावी? पुढे अशा फूड बँका गावोगाव झाल्या, त्यांची देशपातळीवरची संघटना झाली, आणि २००८ साली तिने 'फीडिंग अमेरिका' हे नाव घेतलं. आज तिच्या जाळ्यात सुमारे २०० फूड बँका आहेत आणि त्यांच्याखाली साठ हजारांच्या आसपास छोटी वाटपकेंद्रं. फूड बँक म्हणजे मुख्यतः गोदाम. प्रत्यक्ष वाटप होतं ते चर्चच्या तळघरात, शाळेच्या जिममध्ये, म्हाताऱ्यांच्या क्लबात. शिकागोच्या मुख्यालयातून कोणाच्याही ताटात थेट काहीही पडत नाही. म्हणजे मधल्या माणसांचे दोन थर. आपल्या टेबलावरच्या हिशोबाने तर हा घोटाळाच म्हणायचा!

आता मुख्यालयाचं काम काय? मोठमोठ्या कंपन्या ट्रकच्या ट्रक माल देतात. खोक्यावर छपाई चुकली, सीझन संपला, जास्त उत्पादन झालं, काहीही कारण. हा ट्रक कोणत्या फूड बँकेला द्यायचा, हे ठरवायचं. २००५ पर्यंत याची पद्धत होती रांगेची. ज्याचा नंबर पहिला त्याला फोन जायचा की अमुक ठिकाणी तमुक माल आहे, काही तासांत हो की नाही ते सांगा. न्याय कसा मोजायचा? वजनाने. कोणाला गरजेच्या मानाने किती पौंड मिळाले ते बघायचं आणि त्यावरून रांगेत पुढे-मागे करायचं. म्हणजे एक पौंड बटाटा बरोबर एक पौंड कॉर्नफ्लेक्स बरोबर एक पौंड पीनट बटर. बटाट्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या आयडाहो राज्याला बटाटेच देऊ करायचे, असा विनोदी प्रकार या पद्धतीत सहज व्हायचा.

यात कोणाची बदमाशी नव्हती. मुख्यालयाला माहीतच नव्हतं. फूड बँकेकडचं बरंचसं अन्न तिच्या गावातूनच येतं, आणि तिथल्या कारखान्याने काल पास्त्याचे तीन ट्रक दिलेत की नाहीत, तिच्या शीतगृहात जागा आहे की नाही, ट्रक आणायला डिझेलचे पैसे आहेत की नाहीत, हे शिकागोला कसं दिसणार?

ही समस्या तुमच्या-माझ्यापुढे आली असती तर आपण काय केलं असतं? सांगतो. प्रत्येक फूड बँकेला रोज रात्री साठ्याचा पन्नास रकान्यांचा फॉर्म भरायला लावला असता, मुख्यालयात एक झकास डॅशबोर्ड टांगला असता आणि आजच्या काळात असतो तर वर थोडा एआय भुरभुरला असता. केंद्राला सर्वज्ञ करायचं, की झालं. त्यांनी केलं ते उलट. शिकागो विद्यापीठातले कॅनिस प्रेंडरगास्ट आणि त्यांचे सहकारी आणि फूड बँकांचे संचालक एकत्र बसले आणि २००५ मध्ये एक लिलाव सुरू झाला. प्रत्येक फूड बँकेला तिच्या भागातल्या गरिबीच्या प्रमाणात लुटुपुटीचं चलन मिळतं, त्याला नाव 'शेअर्स'. हे शेअर्स डॉलर देऊन विकत मिळत नाहीत, त्यामुळे श्रीमंत शहराची मिजास चालत नाही. रोज दोन वेळा ऑनलाइन बोली लागते. खर्च झालेले शेअर्स त्याच रात्री पुन्हा सगळ्यांत वाटले जातात. छोट्या फूड बँकांना उधारीची सोय आहे, दोघी-तिघींनी मिळून एकत्र बोली लावायची मुभा आहे. आणि सगळ्यात भारी म्हणजे किंमत उणे होऊ शकते. कोणालाच नको असलेला माल जो उचलेल त्याला वर शेअर्स मिळतात.

समितीतल्या एका फूड बँकेच्या संचालकाने सुरुवातीलाच सांगितलं होतं म्हणे, की मी समाजवादी माणूस आहे, माझा बाजारावर विश्वास नाही. त्याच्यासारख्यांच्या शंकांमुळेच छोट्यांसाठीच्या या सगळ्या सोयी आल्या. आणि मग जे दिसलं ते मजेशीर होतं. ताज्या भाजीपाल्यापेक्षा कॉर्नफ्लेक्स, पास्ता यांची किंमत कितीतरी पट चढली. म्हणजे जुन्या पद्धतीत 'पौंडाला पौंड' म्हणून जी समानता चालली होती ती शुद्ध थाप होती. ज्यांच्या गावात देणगीदार कमी, त्या बँका आपले शेअर्स स्वस्तातल्या भरपूर मालावर खर्च करायला लागल्या. ज्यांच्याकडे भाजी आधीच ढिगाने येत होती, त्या ताटातली उणी वस्तू तेवढी निवडून घ्यायला लागल्या. प्रत्येकीला आपलं दुखणं माहीत होतं. आजवर कोणी विचारलं नव्हतं, इतकंच.

आता यात आपल्यासाठी धडा कोणता? "बाजार ग्रेट" हा नाही (तो वाद आणखी एखाद्या वीकांताला घालू). धडा हा, की हे सॉफ्टवेअर यशस्वी झालं कारण त्याने मधल्या माणसांच्या हातात निर्णय दिला. ज्याला आपण 'लेयर' समजून उडवायला निघतो, माहिती त्या लेयरमध्येच होती.

याच्या उलट नमुना मी स्वतः पाहिला आहे. काही वर्षांपूर्वी एका कंपनीच्या (नाव जाऊ द्या) हॅकेथॉनमध्ये 'भूक' हा विषय होता. जिंकलेल्या टीमचं ॲप दिसायला देखणं होतं. हॉटेलने उरलेलं अन्न नोंदवायचं, नकाशावर हिरवा ठिपका येणार, जवळच्या 'लाभार्थ्या'ला नोटिफिकेशन जाणार. डेमो झाला, टाळ्या पडल्या. मी प्रश्न विचारला, की रात्री साडेअकराला उरलेला पुलाव आंबला नाहीये ना, हे कोण बघणार? भांडी कोणाची? ती घासून परत कोण देणार? पुलाव ८० माणसांचा आणि वस्ती ३०० जणांची असेल तर कोणाला नाही म्हणायचं आणि ते 'नाही' कोण म्हणणार? उत्तर आलं, "सर, ते फेज टूमध्ये." फेज टू आली नाही हे वेगळं सांगायला नको.

मंडळी, तो 'फेज टू' म्हणजेच सगळं काम आहे! कोणाला नाही म्हणायचं हे ठरवणं, आणि ज्याला नाही म्हटलं त्याच्याच गल्लीत दुसऱ्या दिवशी तोंड दाखवणं, हे काम ॲपला जमत नाही. ते जमतं त्या वस्तीतल्या एखाद्या महिला मंडळाच्या ताईला. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आम्ही काही जणांनी वर्गणी काढून बांधकाम मजुरांच्या एका वस्तीसाठी धान्याचं सामान घ्यायचं ठरवलं, तेव्हा यादी बघून तिथल्या ताई फोनवर म्हणाल्या, "दादा, गहू नका देऊ. गिरणी बंद आहे. पीठच द्या. आणि चार खोल्यांत मिळून एकच शेगडी आहे, त्यांना तांदूळसुद्धा नको, पोहे-चुरमुरे-गूळ द्या." तीस सेकंदांचा फोन. ही माहिती जगातल्या कुठल्याही डेटाबेसमध्ये नव्हती.

आता जरा मोठ्या आणि कठीण जागी जाऊ. सुदान.

तिथे १५ एप्रिल २०२३ पासून लष्कर आणि 'रॅपिड सपोर्ट फोर्सेस' नावाचं निमलष्करी दल यांच्यात युद्ध चालू आहे. राजधानी खार्टूममध्ये लढाई पेटल्यावर आंतरराष्ट्रीय संस्थांची बहुतेक माणसं बाहेर पडली. त्यांना दोष द्यायचा नाही, गोळ्यांपुढे कोण थांबणार? पण अन्न कोणी शिजवलं? गल्लीगल्लीतल्या पोरापोरींनी. २०१८-१९ च्या क्रांतीत मोहल्ल्यांमध्ये ज्या प्रतिकार समित्या तयार झाल्या होत्या, त्यांतूनच 'इमर्जन्सी रिस्पॉन्स रूम्स' उभ्या राहिल्या. सूफी परंपरेतल्या 'तकिया'च्या धर्तीवर सामुदायिक स्वयंपाकघरं सुरू झाली. मोठ्या पातेल्यात डाळ किंवा घेवडा, रांगेत भांडी घेऊन उभी मुलं. परदेशातले सुदानी नातेवाईक पैसे पाठवायचे, आंतरराष्ट्रीय संस्था पाठवायच्या, आणि ते पोचायचे 'बंकक' नावाच्या मोबाइल बँकिंग ॲपवर.

बघा, इथेही ॲप आहेच. पण त्या ॲपच्या टोकाला एक माणूस आहे, ज्याला माहीत आहे की आज कुठला दुकानदार ॲपवर पैसे घेऊन डाळ देईल, आणि कुठल्या नाक्यावरून गेलं तर पोतं हिसकावलं जाणार नाही. दोन्ही बाजूंनी या स्वयंसेवकांना पकडलं, छळलं, काहींना मारलं. २०२५ मध्ये त्यांना 'राइट लाइव्हलीहुड' पुरस्कार मिळाला, ते ठीकच. पण त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत गोठवली आणि सुदानमधली शेकडो स्वयंपाकघरं काही दिवसांत बंद पडली. चोरीने नाही, भ्रष्टाचाराने नाही. साखळीचं वरचं टोक सुटलं म्हणून. खालचं टोक जागेवरच होतं, रिकामं पातेलं घेऊन.

आणि आता 'डायरेक्ट'चं उदाहरण. हेही २०२५ चंच. गाझामध्ये संयुक्त राष्ट्रांच्या संस्था आणि त्यांचे स्थानिक भागीदार मिळून सुमारे ४०० ठिकाणी वाटप करत होते. हमास अन्न पळवतं, सबब ही साखळीच टाळायची, असं म्हणून अमेरिका आणि इस्रायलच्या पाठिंब्याने 'गाझा ह्युमॅनिटेरियन फाउंडेशन' मेच्या शेवटी सुरू झालं. स्थानिक भागीदार नाहीत, गल्लीतली केंद्रं नाहीत. चार मोठी केंद्रं, सशस्त्र कंत्राटी पहारा, आणि या, खोकं उचला, जा. आपल्या हॅकेथॉनवाल्यांनी आखलं असतं तर याहून वेगळं आखलं नसतं. शेवटच्या माणसाकडे अन्न जायच्या ऐवजी शेवटच्या माणसाने मैलोन्मैल चालत, लष्करी पट्ट्यातून, अन्नाकडे यायचं. ज्याला पाय आहेत आणि ज्याच्या खांद्यात जोर आहे त्याला खोकं. म्हातारी, अपंग, पाच पोरांची एकटी आई यांना काय? त्यांची नोंद ठेवणाराच कोणी उरला नव्हता. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ३१ जुलैपर्यंत या केंद्रांच्या आसपास आठशेहून अधिक माणसं मारली गेल्याचं नोंदवलं. फाउंडेशनने आणि इस्रायलने हे आकडे आणि ठपका दोन्ही नाकारले. नोव्हेंबर २०२५ मध्ये फाउंडेशनने काम संपल्याचं जाहीर केलं. राजकारणात तुम्ही कोणत्याही बाजूला असा, पण चारशेच्या जागी चार ठेवल्यावर गर्दी, चेंगराचेंगरी आणि गोळीबार यांची शक्यता किती वाढते, हे सांगायला राजकारण लागत नाही. आपल्या धंद्यात याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात. तिथे सर्व्हर पडत नाही, माणसं पडतात.

असो. आता समोरच्या बाजूचं ऐकू. कारण ती बाजू खोटी नाही.

"म्हणजे स्थानिक लोक खात नाहीत म्हणतोस?" खातात की! २०२३ मध्ये इथिओपियात हे उघड झालं. भुकेल्यांसाठीचा गहू बाजारात विकला जात होता, आणि त्यात सरकारी यंत्रणेतल्या लोकांचा हात असल्याचे आरोप झाले. मेमध्ये टिग्राय भागातलं, आणि जूनमध्ये जवळपास देशभरातलं वाटप अमेरिकेच्या यूएसएडने आणि वर्ल्ड फूड प्रोग्रॅमने थांबवलं. मूळ दुखणं कुठे होतं? लाभार्थ्यांच्या याद्या स्थानिक अधिकाऱ्यांच्या हातात होत्या. ज्याने यादी करायची, त्याचाच गोदामावर वट. आपल्याकडे एकाच माणसाला कोड लिहायला, तपासायला आणि प्रॉडक्शनवर टाकायला दिला तर काय होतं ते आपण जाणतोच. मग उपाय काय निघाला? नावनोंदणी आणि याद्या अधिकाऱ्यांच्या हातातून काढून घेणं, नोंदी डिजिटल करणं, पोती कुठून कुठे गेली याचा माग ठेवणं. म्हणजे कामाची फाळणी. मधली माणसं राहिली, फक्त एकाच माणसाच्या हातात सगळं राहिलं नाही. आणि ही दुरुस्ती होईपर्यंत कित्येक महिने ज्यांना अन्न मिळालं नाही, त्यांनी एक दाणाही चोरला नव्हता. 'चोरी होते, बंद करा' याचं बिल कोण भरतं ते इथे दिसलं.

लांब कशाला, आपल्या महाराष्ट्रातलंच बघा. अंगणवाड्यांच्या पोषण आहारात कंत्राटदार नकोत, शक्यतो गावातले बचत गट आणि महिला मंडळं यांच्याकडून काम करून घ्या, असा सुप्रीम कोर्टाचा आदेश आहे, २००४ चा. आपण काय केलं? घरी न्यायच्या पाकिटबंद आहाराची मोठमोठी कामं 'महिला' नाव असलेल्या मोजक्या संस्थांना गेली, आणि कोर्टानेच नेमलेल्या अन्न आयुक्तांच्या कार्यालयाने २०१२ साली दाखवून दिलं की त्यांतल्या संस्थांच्या मागे खासगी कंपन्याच आहेत. पाटी महिला मंडळाची, गल्ला शेठचा. पुढे २०१६ च्या निविदेत अटी अशा घातल्या की साध्या बचत गटाला उंबरठाही ओलांडता येऊ नये. फेब्रुवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती निविदा रद्द करून नव्याने काढायला सांगितलं.

टेबलावरचे आमचे मित्र या प्रकरणातून "बघ, बचत गट म्हणजे चोर" असा निष्कर्ष काढतील. मला दिसतं ते उलट. बचत गटांना तिथे येऊच दिलं नव्हतं. चोरी झाली ती स्थानिक भागीदाराच्या नावाखाली स्थानिक भागीदार गायब करून. गावातल्या बाईने रांधलेली उसळ कच्ची राहिली तर दुसऱ्या दिवशी मुलाची आई तिच्या दारात उभी राहते. तीनशे किलोमीटरवरून आलेल्या पाकिटाबद्दल ती कोणाच्या दारात जाणार? टोल फ्री नंबरवर?

आता पैशाकडे येऊ, कारण आपला सगळा राग शेवटी 'ओव्हरहेड'वर असतो. "शंभरातले शंभर रुपये अन्नावरच खर्च करणारी संस्था सांग" असं आपण म्हणतो. अशी संस्था असेल तर तिच्या हिशोबात ट्रकचा ड्रायव्हर नाही, गोदामाचं भाडं नाही, यादी करणारी मुलगी नाही, तक्रार ऐकणारा माणूस नाही. म्हणजे एकतर ती खोटं बोलते किंवा हा खर्च कोणाच्या तरी डोक्यावर ढकलते. बहुतेक वेळा तो ढकलला जातो सगळ्यात खालच्या भागीदारावर. वर्ल्ड फूड प्रोग्रॅमसारखी अवाढव्य यंत्रणा घ्या. जगभर हजाराच्या आसपास संस्थांशी ती करार करते आणि त्यांतल्या बहुतेक स्थानिक असतात. धान्य यांचं, पण नोंदणी, वाटप, रांगा, भांडणं सगळं त्यांचं. २०१६ मध्ये इस्तंबूलच्या परिषदेत मोठमोठ्या देणगीदारांनी आणि संस्थांनी 'ग्रँड बार्गेन' नावाचा करार केला. त्यात कबूल केलं, की २०२० पर्यंत मदतीच्या पैशातले २५ टक्के स्थानिक आणि राष्ट्रीय संस्थांना शक्य तितके थेट देऊ. २०२० आलं आणि गेलं. थेट जाणारा वाटा एकआकडी टक्क्यांच्या पुढे सरकला नाही. मात्र धोका पूर्णपणे स्थानिक झाला आहे. २०२४ मध्ये जगभरात ३८० हून अधिक मदत कर्मचारी मारले गेले, आणि त्यांतले बहुसंख्य त्याच देशातले, स्थानिक. म्हणजे जीव त्यांचा, यादी त्यांची, शिव्या त्यांना, आणि 'मधले खातात' हा शेराही त्यांच्याच नावावर.

मला चीड येते ती इथे. कोथरूडच्या किंवा ठाण्याच्या वातानुकूलित हापिसात बसून आपण 'डायरेक्ट, डायरेक्ट' करतो. आपल्या स्वतःच्या कामात मात्र आपल्याला टीम लीड हवा, प्रोजेक्ट मॅनेजर हवा, टेस्टर हवा, सपोर्टला रात्रपाळीची माणसं हवीत. क्लायंटने म्हटलं की "हे सगळे ओव्हरहेड काढा, कोड थेट माझ्या मशीनवर टाका", तर आपण त्याला वेड्यात काढू. भुकेच्या बाबतीत मात्र मधला प्रत्येक पगार आपल्याला पाप वाटतो.

तेव्हा देणगी द्यायची असेल, किंवा कंपनीच्या सीएसआर समितीत तुमचं मत चालत असेल, तर "किती टक्के पोचतात?" हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवा आणि त्याऐवजी हे विचारा:

१. यादी कोण करतं, आणि वाटप कोण करतं? दोन्ही एकाच हातात असेल तर सावध.

२. नाव सुटलेल्या माणसाने जायचं कुठे? वस्तीतल्या माणसाला चालत गाठता येईल असं कोणी आहे का?

३. स्थानिक संस्थेला पैसे आधी मिळतात की खर्च करून, पावत्या जोडून, सहा महिन्यांनी? नंतर मिळत असतील तर तिथे फक्त खिसा मोठा असलेली संस्था टिकते. ती क्वचितच वस्तीतली असते.

४. तिच्या माणसांचा पगार, भाडं, पेट्रोल यांची तरतूद करारात आहे की 'सेवाभाव' म्हणून गृहीत धरली आहे?

५. आणि सगळ्यात महत्त्वाचं, भागीदार 'हे नको, ते द्या' म्हणू शकतो का? मागच्या वर्षात कधी म्हणाला आहे का, आणि वरच्यांनी ऐकलं का?

पाचव्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल तर तो भागीदार नाही, हमाल आहे. मग कितीही सुंदर डॅशबोर्ड दाखवला तरी समजून जा, की आयडाहोला बटाटे निघालेत.

आपल्याला सॉफ्टवेअर येतं, तर ते जरूर लिहू. पण मधल्या माणसाचं काम सोपं करणारं लिहू. गोदामातल्या साठ्याचा हिशोब, दोन संस्थांनी एकाच गल्लीत दोनदा जाऊ नये म्हणून सामायिक यादी, बिना-नेटवर्क चालणारा पावती फॉर्म. कंटाळवाणं काम आहे, हॅकेथॉनमध्ये बक्षीस मिळणार नाही. मी तीन-चार संस्थांना विचारून बघितलं. ॲप कोणालाच नको होतं. एकीला एक्सेल शीट नीट करून हवी होती, दुसरीला टेम्पोचं भाडं हवं होतं, आणि एका ताईंना फक्त एवढंच हवं होतं, की देणाऱ्यांनी सामान घ्यायच्या आधी एक फोन करावा.